प्रभागाची रेषा कुठून जाते: प्रारूप वाचायला, हरकत घ्यायला आणि पद्धत बदलून घ्यायला शिकताना

फेब्रुवारी 2022 मध्ये आमच्या शहराची प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवरचा तो नकाशा पाहायला गेलो. जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी, चार टाचण्यांवर लावलेला. गल्ल्यांची नावं इतकी बारीक की मोबाइलचा टॉर्च लावून वाचावी लागत होती. जाड निळी रेषा मंडईमागच्या बोळातून जात होती. बोळाच्या एका बाजूची घरं एका प्रभागात, समोरची दुसऱ्यात. ज्या दोन ओळींतली माणसं एकाच नळावर पाणी भरतात, त्यांचे नगरसेवक वेगळे झाले होते.

आम्ही सोसायटीच्या लेटरहेडवर हरकत लिहिली. चौसष्ट सह्या घेतल्या. "आमच्या भागावर घोर अन्याय झाला असून हा भाग पूर्ववत ठेवावा" असं ठणकावून लिहिलं. सुनावणीला नंबर आला तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "कुठला प्रगणक गट?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन मिनिटांत आम्ही बाहेर.

2025 मध्ये पुन्हा रचना झाली आणि तोच बोळ पुन्हा फोडला गेला. या वेळी आमच्याकडे आकडे होते. अंतिम रचनेत रेषा बोळातून उठून मागच्या नाल्यावर गेली. मधल्या तीन वर्षांत जे शिकलो, ते नव्या माणसाला पहिल्याच फेरीत हाताशी असावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी हे कळू द्या की रेषा कोण काढतं

74 व्या घटनादुरुस्तीने शहरी स्थानिक संस्थांना आणि 73 व्या दुरुस्तीने पंचायतींना घटनेत जागा मिळाली. दोन्ही 1993 पासून लागू आहेत. त्यानंतर 1994 मध्ये महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग आला आणि प्रभाग पाडण्याचं काम त्याच्याकडे होतं. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने कायद्यात बदल करून हा अधिकार राज्य सरकारकडे घेतला. आता सरकार आदेश काढतं. महापालिकेत आयुक्त आराखडा तयार करतात, तो नगरविकास विभागामार्फत आयोगाकडे जातो. नगरपरिषदेत आणि नगरपंचायतीत मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेसाठी जिल्हाधिकारी, ग्रामपंचायतीसाठी तहसीलदार. आपला अर्ज कोणाच्या टेबलावर जाणार हे यावरून ठरतं, त्यामुळे सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा.

शब्दही नीट वापरा. महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीत 'प्रभाग'. जिल्हा परिषदेला 'निवडणूक विभाग', म्हणजे आपण ज्याला गट म्हणतो तो. पंचायत समितीला 'निर्वाचक गण'. एका गटात दोन गण. नगरपंचायतीत 17 प्रभाग आणि प्रत्येकातून एकच सदस्य. नगरपरिषदेत साधारणपणे दोन. मुंबईत 227 प्रभाग, एकसदस्यीय. बाकीच्या महापालिकांत मात्र शक्यतो चार सदस्यांचा प्रभाग. तीनपेक्षा कमी नाही, पाचपेक्षा जास्त नाही.

पुण्याचं उदाहरण घ्या. 2025 च्या रचनेत 41 प्रभाग आणि 165 सदस्य: चाळीस प्रभाग चार सदस्यांचे, एक पाच सदस्यांचा. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 34.8 लाख लोकसंख्या धरली, म्हणजे एका सदस्यामागे साधारण 21 हजार माणसं आणि एका प्रभागात 84 हजारांच्या आसपास. चौऱ्याऐंशी हजार म्हणजे एखादं तालुक्याचं गाव झालं की. तुमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार चौघांपैकी नेमकी कोणाकडे न्यायची, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पहिली पायरी: प्रारूप येण्याची वाट पाहू नका

हरकतींची मुदत सहसा पंधरवड्याची असते, कधी त्याहूनही कमी. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवस आहेत. हा हिशेब नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. प्रारूप जाहीर झाल्यावर तुम्ही कागद मागितलेत तर ते हातात येईपर्यंत सुनावणीही उरकलेली असते. म्हणून अर्ज आज करायचा, निवडणुकीचं नावही नसताना.

काय मागायचं? आपल्या भागातल्या प्रगणक गटांची यादी, प्रत्येक गटाची एकूण लोकसंख्या, त्यातली अनुसूचित जाती आणि जमातींची लोकसंख्या, आणि गटांच्या हद्दी दाखवणारा नकाशा किंवा वर्णन. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. "प्रभाग रचनेची सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल. गेल्या अंतिम रचनेतल्या प्रभाग क्रमांकाचा उल्लेख करून "या प्रभागात समाविष्ट प्रगणक गटांचे क्रमांक व गटनिहाय लोकसंख्या" इतकं नेमकं मागा.

प्रगणक गट म्हणजे जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला नेमून दिलेला तुकडा. साधारण सहाशे ते आठशे माणसं, दोन-तीन गल्ल्या किंवा एखादी मोठी सोसायटी. प्रभागाची भिंत याच विटांची. अधिकारी रेषा हलवतात तेव्हा घरं हलवत नाहीत, हे गट हलवतात. त्यामुळे "आमची बिल्डिंग तिकडे टाका" ही मागणी त्यांच्या कागदावर उमटतच नाही. "गट क्रमांक अमुक तिकडे टाका" ही उमटते.

दुसरी पायरी: नियम पाठ करा, चार-पाचच आहेत

एकूण लोकसंख्येला एकूण सदस्यसंख्येने भागायचं आणि प्रभागातल्या सदस्यांच्या संख्येने गुणायचं. ही झाली प्रभागाची सरासरी लोकसंख्या. तिच्यापेक्षा दहा टक्के कमी किंवा दहा टक्के जास्त, एवढी मुभा.

रचना उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व, मग पश्चिम असं नागमोडी सरकत दक्षिणेला संपवायची. प्रभागांचे क्रमांकही त्याच ओघात पडतात. (आपला प्रभाग पाचाचा सहा झाला म्हणून भांडायला येणारे लोक मी पाहिलेत. क्रमांकावर शक्ती घालवू नका.) हद्दी शक्यतो मोठे रस्ते, नद्या, नाले, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून जाव्यात. प्रगणक गट शक्यतो फोडू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचं शक्यतो विभाजन होऊ नये. प्रभागाचा प्रदेश सलग असावा.

या सगळ्यात 'शक्यतो' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि सोयीची रचना त्याच फटीतून आत शिरते. म्हणून हरकतीत नुसतं "नियम मोडला" म्हणून भागत नाही. "नियम पाळणं शक्य होतं, आणि ते असं" हे दाखवून द्यावं लागतं. सिद्ध करण्याचं ओझं खरं तर त्यांच्यावर असायला हवं. आज ते आपल्यावर आहे.

तिसरी पायरी: बेरीज-वजाबाकी

ही पायरी सावकाश वाचा, कारण बहुतेक हरकती इथेच पडतात.

समजा, तुमच्या शहराची 2011 ची लोकसंख्या 4,50,000 आहे. या आकाराच्या महापालिकेला तीन लाखांपर्यंत 65 सदस्य आणि त्यापुढच्या प्रत्येक पंधरा हजारांमागे एक, असे 75 सदस्य मिळतात. एका सदस्यामागे 6,000 माणसं. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी 24,000. दहा टक्क्यांची मुभा धरून तो 21,600 ते 26,400 या दोन आकड्यांच्या मध्ये बसायला हवा. पंच्याहत्तरातून चार-चारचे अठरा प्रभाग गेले की तीन सदस्य उरतात, म्हणून एक प्रभाग तिघांचा.

आता समजा, प्रारूपात प्रभाग 7 ची लोकसंख्या 26,050 आहे आणि शेजारच्या प्रभाग 8 ची 22,300. तुमची वस्ती प्रभाग 8 मध्ये टाकली आहे आणि तुम्हाला 7 मध्ये यायचंय. वस्तीचा गट 640 माणसांचा. अर्ज कितीही कळवळून लिहिलात तरी तो नामंजूरच होणार, कारण प्रभाग 7 मध्ये आता फक्त 350 माणसं मावतात. अधिकाऱ्याने मनात आणलं तरी त्याचा हात बांधलेला आहे.

अशा वेळी अदलाबदल सुचवायची. आपण आत येताना कोणता गट बाहेर जाऊ शकतो, ज्याचा संबंध तसाही पलीकडच्या प्रभागाशी आहे? आमच्या बाबतीत हे काम शेजारच्या चाळीतल्या एका निवृत्त गणिताच्या शिक्षिकेने केलं. काकूंनी चौकटीच्या वहीत दोन रकाने आखले, डावीकडे सातव्या प्रभागाचे गट, उजवीकडे आठव्याचे, आणि संध्याकाळभर पेन्सिलने गट इकडचे तिकडे करत बसल्या. प्रत्येक वेळी खाली दोन्ही बेरजा. शेवटी त्या म्हणाल्या, "नाल्यापलीकडचे हे तीन गट द्यायचे. त्यांचा रस्ता तिकडेच उघडतो, शाळाही तिकडेच." आपल्या उदाहरणात तसे 640, 710 आणि 690 माणसांचे तीन गट, म्हणजे 2,040 माणसं, सातातून आठात गेली तर प्रभाग 7 होतो 24,010 आणि प्रभाग 8 होतो 24,340. दोन्ही सरासरीच्या जवळ, आणि रेषा बोळातून उठून नाल्यावर जाते. आता आपला 640 चा गट 7 मध्ये घेतला तरी 24,650 आणि 23,700. अजूनही ठाकठीक.

असा प्रस्ताव अधिकाऱ्याच्या हातात दिला की त्याला वेगळं काही करावंच लागत नाही. नामंजूर करायचा असेल तर मात्र कारण शोधावं लागतं.

एक सावधानता. प्रस्ताव दोन प्रभागांतच आटपेल असा बघा. तिसऱ्या प्रभागाला धक्का लागला की चौथा हलतो आणि मग पार दक्षिणेपर्यंत सगळंच हलतं. तसा प्रस्ताव कितीही न्याय्य असला तरी पंधरवड्याच्या घाईत कोणी हात लावत नाही.

2011 चं दुखणं

तुमची सोसायटी 2016 साली उभी राहिली असेल तर या हिशेबात तुम्ही नाहीच. जागा त्या प्रभागात आहे, तुमचं मत तिथे आहे, पण लोकसंख्या म्हणून तिथे 2011 चं मोकळं माळरान मोजलं जातं. 2021 ची जनगणना झालीच नाही आणि कायदा शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचेच आकडे मानतो. त्यामुळे कागदावर समान दिसणाऱ्या दोन प्रभागांत प्रत्यक्षात एकाकडे दुसऱ्याच्या दीडपट-दुप्पट मतदार असू शकतात. शहराच्या कडेच्या भागांत हे सर्रास घडतं. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली (त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर वगळली). या गावांत गेल्या पंधरा वर्षांत उभे राहिलेले टॉवर प्रभागाच्या गणितात शून्य धरले गेले.

हरकतीत "आज आमच्याकडे इतकी लोकसंख्या आहे" हा मुद्दा घेऊ नका. सुनावणीतला अधिकारी तो विचारात घेऊच शकत नाही, आणि तुमचा बाकीचा चांगला अर्जही त्या एका वाक्यामुळे बाजूला पडतो. तो राग वेगळ्या ठिकाणी न्यायचा आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

चौथी पायरी: हरकत लिहिणं

एक पान. फार तर दीड. वर ज्यांच्या नावे प्रारूप निघालं त्यांचा हुद्दा, खाली विषय, मग सरळ मजकूर. आमचा मजकूर साधारण असा होता:

"प्रारूप प्रभाग क्र. 7 व 8 यांमधील हद्द मंडईमागील बोळातून दर्शविली आहे. सदर बोळ सुमारे आठ फूट रुंद असून ती नैसर्गिक वा ठळक हद्द नाही. त्यामुळे एकच वस्ती दोन प्रभागांत विभागली जात आहे. बोळापासून सुमारे दोनशे मीटरवर नाला असून तो ठळक हद्द ठरू शकतो. सोबतच्या तक्त्यात दर्शविल्याप्रमाणे नमूद प्रगणक गटांची अदलाबदल केल्यास दोन्ही प्रभागांची लोकसंख्या विहित मर्यादेत राहते व अन्य कोणत्याही प्रभागाच्या हद्दीत बदल होत नाही. सबब, त्याप्रमाणे हद्द निश्चित करावी, ही विनंती."

सोबत तक्ता, नकाशाची प्रत त्यावर लाल पेनाने सुचवलेली रेषा, आणि नाल्याचे व बोळाचे दोन फोटो. बस्स.

कोणत्या पक्षाच्या कोणत्या माणसाला फायदा व्हावा म्हणून रेषा अशी काढली, हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. ते लिहू नका. लिहिलंत की तुमची हरकत राजकीय ठरते आणि उत्तर देणं त्यांना सोपं जातं. नाला राजकीय नसतो.

चौसष्ट सह्यांच्या एका अर्जापेक्षा तोच मजकूर आणि तोच तक्ता घेऊन वेगवेगळ्या दहा कुटुंबांनी दिलेल्या दहा हरकती जास्त वजनदार, कारण प्रत्येकाला सुनावणीचा क्रमांक मिळतो. शक्य असेल तर नाल्यापलीकडच्या घरांतूनही एक-दोन अर्ज येऊ द्या, त्यांना हा बदल चालतो म्हणून. आमच्या वेळी हेच सर्वांत उपयोगी पडलं.

अर्ज हातोहात द्या, आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच घ्या. शेवटच्या दिवशी दुपारी रांग लागते. आदल्या दिवशी जा.

पाचवी पायरी: सुनावणी

प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर तुम्हाला तीन-चार मिनिटं मिळतील. भाषण नको. नकाशा टेबलावर पसरा, बोट ठेवून दाखवा: ही तुमची रेषा, हा नाला, हे गट. मग तक्त्यातल्या दोन बेरजा वाचा आणि थांबा. अधिकारी काही विचारतात तेव्हा उत्तर त्याच माणसाने द्यावं ज्याने हिशेब केलाय. आमच्याकडून काकू बोलल्या.

निघताना विचारा की शिफारशीसह अहवाल कधी जाणार. सुनावणीनंतर अधिकारी शिफारस करतात, ती वर जाते आणि अंतिम रचना आयोगाच्या मान्यतेने राजपत्रात येते. अंतिम नकाशा आला की आपल्या हद्दीचं वर्णन शब्दन् शब्द वाचा. नकाशात रेषा बदलली पण वर्णनात जुनी चतुःसीमा तशीच राहिली, असंही घडतं. आणि मतदार यादी फोडताना कर्मचारी वर्णन हातात घेऊन बसतात.

पुढची दोन दारं

प्रभाग रचना, आरक्षण आणि मतदार यादी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि तिन्हींच्या हरकती वेगळ्या. आरक्षणात अनुसूचित जाती-जमातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने ठरतात. इतर मागासवर्ग आणि महिलांच्या जागा सोडतीने. त्या दिवशी हजर राहा, सोडत जाहीरपणे होते.

मतदार यादी मात्र गाफील ठेवते. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय फोडली जाते. प्रभागाची रेषा तुमच्या मनासारखी झाली तरी यादी फोडताना तुमची अख्खी इमारत पलीकडे जाऊ शकते, आणि मतदानाच्या दिवशी कळतं की आपलं नाव भलत्याच केंद्रावर आहे. प्रारूप यादी आली की आपल्या इमारतीतली पाच नावं शोधून बघा. अर्धा तास लागतो.

कोर्टाबद्दल लोक नेहमी विचारतात. घटनेच्या 243 झेडजी कलमाने (पंचायतींसाठी 243 ओ) प्रभाग रचनेच्या कायद्याची वैधता न्यायालयात आव्हान देण्यावर बंधन घातलं आहे आणि निवडणूक एकदा सुरू झाली की निवडणूक याचिकेशिवाय मार्ग ठेवलेला नाही. याचा अर्थ दार पूर्ण बंद असा नाही. गोव्यात 2021 मध्ये पाच नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केला, कारण महिलांसाठी एक तृतीयांश जागा नीट ठेवलेल्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने 12 मार्च 2021 रोजी तो निर्णय उचलून धरला. त्याच निकालात सरकारी नोकरीत असलेल्या विधी सचिवाकडे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार देण्यावरही न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. पण ही वाट लांबची आणि खर्चाची आहे. एका बोळासाठी कोर्टात जाऊ नका.

आणि पद्धतच बदलायची असेल तर

एक रेषा नाल्यावर नेल्याचं समाधान मोठं आहे, पण माझं दुखणं तेवढ्याने गेलं नाही. पुण्यासारख्या शहरात 2002 मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता. 2007 मध्ये एक. 2012 मध्ये दोन. 2017 मध्ये चार. 2022 साठी पुन्हा तीन ठरले. तीन सदस्यांच्या हिशेबाने 58 प्रभाग आणि 173 सदस्यांचं प्रारूपही निघालं, लोकांनी हरकती दिल्या, सुनावण्या झाल्या, आणि मग सरकार बदलल्यावर ऑगस्टमध्ये सगळं पुसून पुन्हा चारवर आलं. मुंबईचे 227 वरून 236 केलेले प्रभाग त्याच वेळी परत 227 झाले. ज्यांनी कोणी तेव्हा रात्री जागून तक्ते बनवले असतील, त्यांची मेहनत रद्दीत गेली. मतदाराने आपला प्रभाग ओळखीचा करावा तोवर तो मोडतो. आणि या सगळ्या काळात, मार्च 2022 नंतर अनेक शहरांना, नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी निवडणुका घ्यायला सांगितलं तेव्हा गाडी हलली, आणि महापालिकांचं मतदान जानेवारी 2026 मध्ये झालं.

म्हणून माझ्या मते मागण्या या असायला हव्यात, आणि त्या निवडणूक संपल्यावर, म्हणजे आताच, करायच्या. निवडणूक तोंडावर आली की प्रत्येक आमदाराला त्यात आपला बालेकिल्ला दिसायला लागतो.

सदस्यसंख्या आणि प्रभागाचा प्रकार जनगणनेनंतर एकदाच ठरावा आणि पुढच्या जनगणनेपर्यंत बदलू नये. याच्याइतकी महत्त्वाची दुसरी मागणी नाही. मी स्वतः एकसदस्यीय प्रभागाच्या बाजूचा आहे, कारण चौघांत जबाबदारी कोणाचीच राहत नाही. 2009 मध्ये कायद्यात क्षेत्रसभांची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद आली, पण चार नगरसेवकांच्या प्रभागात ती सभा बोलवायची कोणी, इथेच गाडी अडते. बहुसदस्यीय पद्धतीमुळे महिला आणि राखीव जागांवरच्या उमेदवारांना मोठ्या गटाचा आधार मिळतो, असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्या माझ्या ओळखीच्या आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. पण एक असो वा चार, दर पाच वर्षांनी खेळ नको.

रेषा काढण्याचं काम निवडणुकीत ज्यांचा थेट स्वार्थ आहे त्यांच्या हातून काढून घ्यावं. हे काही आकाशातून पडलेलं स्वप्न नाही. केरळात राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला जातो. इंग्लंडमध्ये स्थानिक सीमांसाठी स्वतंत्र आयोग आहे आणि तो सरकारऐवजी संसदेला उत्तरदायी आहे. तिथे एखाद्या वॉर्डात सरासरीपासून तीस टक्क्यांहून जास्त तफावत पडली की फेररचनेचा विचार सुरू होतो. आपल्याकडे तर 2022 पर्यंत काम आयोगाकडेच होतं. परत द्या, एवढंच म्हणायचंय.

प्रारूपासोबत प्रगणक गटांची यादी, लोकसंख्या आणि संगणकावर उघडता येईल असा नकाशा संकेतस्थळावर टाकावा. अधिकाऱ्यांकडे तो असतोच. त्यांनी त्यावरच काम केलेलं असतं. मग माहिती अधिकाराची धावपळच नको. हरकतींना किमान तीस दिवस द्यावेत. प्रत्येक हरकत का मान्य वा अमान्य झाली, हे कारणासह जाहीर करावं. या तीन गोष्टींना कायदा बदलायचीही गरज नाही. सरकारच्या आदेशात चार ओळी वाढवल्या तरी होतं.

आपल्या आमदाराला पत्र लिहा, पण एकट्याने नको. सोसायट्यांचे महासंघ, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं, ग्रामीण भागात ग्रामसभा, यांचे ठराव जोडा. ग्रामसभेचा ठराव इतिवृत्तात येतो, तो नंतर कोणी नाकारू शकत नाही. प्रत राज्य निवडणूक आयोगाला आणि नगरविकास किंवा ग्रामविकास विभागाला.

येत्या वर्षात करायचं काम

नव्या जनगणनेच्या घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात राज्यागणिक ठरलेल्या महिन्यात, आणि लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. पुढच्या प्रभागांच्या विटा तेव्हा पडणार. प्रगणक दारात आले की त्यांना पाणी विचारा आणि त्यांच्या गटाची हद्द कुठून कुठपर्यंत आहे तेही विचारा. सोसायटीतलं कोणतं घर बंद राहिलं, कोणती विंग सुटली, ते बघा आणि त्यांना पुन्हा बोलवा. भाडेकरू, वॉचमनचं कुटुंब, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतले मजूर, हे सगळे मोजले जातात ना ते पाहा. काकूंनी आपल्या चौकटीच्या वहीत त्यासाठी नवं पान काढून ठेवलंय. वर गल्लीचं नाव लिहिलंय, खाली घरांचे क्रमांक, आणि शेजारचा रकाना अजून कोरा आहे.